अँटिबॉडीमुळे प्लेटलेट्स चिकटतात की सुटतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: आईच्या रक्ततपासणीत प्लेटलेट्स ४२,००० आल्या. रिपोर्टच्या तळाशी ‘प्लेटलेट क्लम्प्स दिसले’, म्हणजे प्लेटलेट्सचे पुंजके दिसले, असा शेरा आहे. पुढे केलेली एएनए चाचणी (शरीराच्या स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या अँटिबॉडी शोधणारी) पॉझिटिव्ह आली. अंगावर काळेनिळे डाग नाहीत, हिरड्यांतून रक्त येत नाही, ती ठणठणीत आहे. मग शरीराच्या स्वतःविरुद्धच्या अँटिबॉडींनी तिच्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटवल्या का? आणि तसं असेल तर भीती कशाची धरायची, रक्तस्रावाची की रक्तवाहिनीत गुठळी होण्याची?

आधी तो तळाचा शेरा बघू. सगळे ठळक अक्षरातला आकडा बघतात. मी मात्र रिपोर्ट खालून वर वाचते. ‘क्लम्प्स दिसले’ असं लिहिलेलं असताना वरचा ४२,००० हा आकडा मोजणी म्हणून धरताच येत नाही. एवढं एक कळलं तरी बऱ्याच घरांतली झोप परत येते.

हिमोग्राम करताना रक्त ज्या जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतात तिच्यात ईडीटीए असतं. ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून नळीत रक्त गोठत नाही. पण प्लेटलेटच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन, जीपी टूबी-थ्रीए, त्याच कॅल्शियमच्या आधारावर आपला आकार टिकवून असतं. कॅल्शियम काढून घेतलं की त्याची घडी मोडते आणि एरवी आत झाकलेला भाग उघडा पडतो. काही माणसांच्या रक्तात नेमका हाच भाग ओळखणारी अँटिबॉडी असते. शरीरात तिला तो भाग दिसतच नाही, त्यामुळे ती वर्षानुवर्षं निरुपद्रवी फिरत राहते. नळीत रक्त थंड होऊ लागलं की तिला अचानक काम मिळतं आणि प्लेटलेट्सचे पुंजके व्हायला लागतात. यंत्र पेशी ओळखतं ती मुख्यतः आकारावरून. दहावीस प्लेटलेट्सचा पुंजका त्याला एक मोठी पेशी वाटतो आणि तो प्लेटलेट्सच्या रकान्यातून गळतो. कधी कधी तर पांढऱ्या पेशींत मोजला जातो. म्हणजे प्लेटलेट्स खोट्या कमी आणि पांढऱ्या पेशी खोट्या जास्त. डॉक्टरी भाषेत याला स्यूडोथ्रॉम्बोसायटोपेनिया म्हणतात आणि हजारात एखाद्या माणसात तो सापडतो. दुर्मीळ आहे, पण रोज शेकडो नमुने हाताळणाऱ्या लॅबला तो ओळखीचा असतो.

तेव्हा तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचं उत्तर ‘हो’ असं असू शकतं. अँटिबॉडीनेच चिकटवल्या असतील, पण नळीत. आईच्या अंगात नव्हे. आणि पुंजक्यांचं आणखी साधं कारणही असतं: शीर सापडेना म्हणून सुई बराच वेळ फिरवली, रक्त थेंबथेंब आलं, नळी नीट हलवली नाही. त्यात अँटिबॉडीचा काहीच हात नसतो.

पडताळणी स्वस्त आणि सोपी आहे. पुन्हा रक्त घ्यायचं, या वेळी जांभळ्या नळीसोबत फिक्या निळ्या झाकणाच्या सायट्रेटच्या नळीतही, आणि ताबडतोब मोजायचं. सायट्रेटच्या नळीत आधीच थोडं द्रावण असतं, रक्त पातळ होतं, म्हणून येणाऱ्या आकड्याला १.१ ने गुणतात. शिवाय ताज्या रक्ताची काचपट्टी (स्मिअर) करून कुणीतरी डोळ्यांनी बघायला हवी. पुंजके पट्टीच्या पिसासारख्या निमुळत्या टोकाला ढकलले जातात. मधलाच भाग बघितला तर ते निसटतात. पुंजके नसलेल्या पट्टीवर सूक्ष्मदर्शकाच्या सर्वांत मोठ्या भिंगाखाली एका दृष्टिक्षेत्रातली एक प्लेटलेट म्हणजे मायक्रोलिटरमागे साधारण १५ ते २० हजार, असा आमचा जुना हिशेब आहे. तो कच्चा आहे, पण खोट्या ४२,००० पेक्षा भरवशाचा. काहींच्या प्लेटलेट्स सायट्रेटमध्येही चिकटतात. अशा वेळी नमुना ३७ अंशांवर ठेवून किंवा रक्त काढल्याबरोबर लगेच मोजून बघतात.

आता एएनए. ही अँटिबॉडी पेशीच्या केंद्रकातल्या घटकांविरुद्ध असते, आणि प्लेटलेटला तर केंद्रकच नसतं! त्यामुळे ‘एएनए पॉझिटिव्ह, म्हणून प्लेटलेट्स चिकटल्या’ हा धागा जोडता येत नाही. निरोगी माणसांतही १:१६० या प्रमाणाला शंभरात पाचेक जणांची एएनए पॉझिटिव्ह येते आणि १:४० ला तर जवळजवळ तिघांत एकाची. सांधे, त्वचा, मूत्रपिंड यांच्या तक्रारी असतील तर तिला अर्थ येतो. नुसता ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द फार काही सांगत नाही; टायटर, म्हणजे वर म्हटलेलं १:४०, १:१६० असं प्रमाण, किती ते रिपोर्टमध्ये शोधा.

पण तुमचा मूळ प्रश्न याहून मोठा आहे, आणि तो चांगला आहे: अँटिबॉडी प्लेटलेटला चिकटली की नेमकं काय होतं? अँटिबॉडी एकच गोष्ट करते असं नाही. काही अँटिबॉडी प्लेटलेट्स गायब करतात, काही त्यांचे हात बांधतात, काही त्यांना भडकवतात. एक तर प्लेटलेटला स्पर्शही न करता तिचे पुंजके घडवून आणते. त्यासाठी प्लेटलेट्स एरवी कशा चिकटतात ते थोडं बघावं लागेल.

प्लेटलेट म्हणजे दोनतीन मायक्रॉनची तबकडी. मायक्रोलिटरमागे दीड ते साडेचार लाख, आयुष्य सात ते दहा दिवस. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर फाटलं की खालचं कोलॅजन उघडं पडतं आणि त्याच्यावर फॉन विलेब्रांड फॅक्टर नावाच्या प्रथिनाचे लांब धागे ताणले जातात. वेगाने वाहणारी प्लेटलेट जीपी वन-बी या प्रथिनाने या धाग्याला अडकते आणि तिचा वेग मंदावतो. मग जीपी सिक्स कोलॅजनला लागतं आणि आत धोक्याची घंटा वाजते. प्लेटलेट आपल्या पिशव्यांतून एडीपी हे निरोप देणारं रसायन सोडते, थ्रॉम्बॉक्सेन नावाचं दुसरं तयार करते (अ‍ॅस्पिरिन हेच बंद पाडतं) आणि शेजारणींना जागं करते. शेवटचं काम जीपी टूबी-थ्रीएचं. एका प्लेटलेटवर याचे सुमारे ८०,००० रेणू असतात. विश्रांतीत ते मिटलेले असतात, घंटा वाजली की उघडतात आणि फायब्रिनोजेन हे रक्तातलं प्रथिन पकडतात. फायब्रिनोजेन दोन्ही टोकांनी पकडता येतं, म्हणून एक रेणू दोन प्लेटलेट्सना जोडतो. प्लेटलेट्सचं चिकटणं म्हणजे मुळात हेच. फायब्रिनचं जाळं त्यावर नंतर चढतं आणि मग ती खरी गुठळी होते.

अँटिबॉडीचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा. दोन हातांनी ती लक्ष्य पकडते आणि शेपटी बाहेर राहते. हात कुठे बसले आणि शेपटी कुणी पकडली, या दोन गोष्टींवर पुढचं सगळं ठरतं.

सर्वांत जास्त आढळतो तो प्रकार म्हणजे आयटीपी, इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनिया. इथे अँटिबॉडी बहुधा टूबी-थ्रीएवर किंवा वन-बीवर बसते आणि तिची शेपटी प्लीहेतल्या भक्षक पेशी ओळखतात. प्लेटलेट गिळली जाते. चिकटण्याचा प्रश्नच येत नाही, कारण चिकटायला ती उरतच नाही. कारण रक्तातच आहे हे सिद्ध झालं ते एका धाडसी, आज कुठलीही नीतिसमिती मान्य करणार नाही अशा प्रयोगातून. अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये विल्यम हॅरिंग्टन या तरुण डॉक्टरने आयटीपीच्या रुग्णाचं रक्त स्वतःच्या शिरेत घेतलं. काही तासांतच त्याच्या प्लेटलेट्स धोकादायक पातळीपर्यंत घसरल्या आणि सावरायला दिवस लागले. १९५१ मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्याच्याही आधी, १९१६ मध्ये, प्रागमध्ये पॉल काझ्नेलसन या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्राध्यापकांना अशा रुग्णाची प्लीहा काढून बघायला राजी केलं होतं, आणि प्लेटलेट्स वाढल्या होत्या. या आजारामागे अँटिबॉडी आहे हे तेव्हा सिद्ध झालेलं नव्हतं. प्लेटलेट्स कुठे मरतात याचा अंदाज मात्र अचूक होता.

आयटीपीबद्दल एक गोष्ट नवख्या डॉक्टरांनाही चकवते. प्लेटलेट्स २०,००० असूनही पेशंट ठीक असतो, आणि केमोथेरपीनंतर तेवढ्याच प्लेटलेट्स असलेल्याला रक्तस्राव होतो. कारण आयटीपीत अस्थिमज्जा नव्या प्लेटलेट्स पाठवत राहते; ज्या उरतात त्या तरुण, मोठ्या आणि कामाला चपळ असतात. काही रुग्णांत अँटिबॉडी मज्जेतल्या मूळ पेशींवरही बसते आणि उत्पादनही रोखते. वन-बीवर बसणाऱ्या काही अँटिबॉडी तर प्लेटलेटवरची साखरेची टोकं झडायला लावतात आणि मग यकृत तिला ‘म्हातारी’ समजून काढून टाकतं. स्टेरॉइड किंवा प्लीहा काढणं काहींना का लागू पडत नाही, याचं एक संभाव्य स्पष्टीकरण यात शोधलं जातं.

दुसरा प्रकार दुर्मीळ, पण तुमच्या प्रश्नाच्या अगदी गाभ्यातला. अँटिबॉडीचे हात टूबी-थ्रीएच्या नेमक्या त्या जागी बसतात जिथे फायब्रिनोजेन बसायचं असतं. प्लेटलेट्स अडीच लाख, स्मिअर सुंदर, आणि तरी नाकातून रक्त थांबत नाही, दात काढल्यावर रात्रभर रक्त येतं. याला अक्वायर्ड ग्लांझमान म्हणतात. एडुआर्ड ग्लांझमान यांनी १९१८ मध्ये जन्मजात आजार वर्णन केला, ज्यात हे प्रथिनच नसतं किंवा सदोष असतं. इथे प्रथिन आहे, पण झाकलेलं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असा रक्तस्राव सुरू झाला आणि प्लेटलेट्सचा आकडा उत्तम आहे, असं दिसलं की माझं लक्ष लिम्फोमा, मायलोमाच्या जातीतले रक्ताचे कर्करोग व तत्सम आजार आणि ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) यांच्याकडे जातं, कारण ही अँटिबॉडी बऱ्याचदा त्यांच्या सोबत येते.

हे पकडायचं कसं? गुस्टाव बॉर्न यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या पद्धतीने. प्लेटलेट्सनी भरलेला प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) गढूळ असतो, त्यातून प्रकाश कमी जातो. ३७ अंशांवर तो ढवळत ठेवून एडीपी किंवा कोलॅजन टाकलं की प्लेटलेट्स पुंजक्यांत गोळा होतात, द्रव निवळतो, प्रकाश जास्त जातो आणि कागदावर रेघ चढते. इतकं साधं आहे हे, आणि साठ वर्षांनंतरही त्याला पूर्ण पर्याय नाही. (हे बॉर्न भौतिकशास्त्रज्ञ माक्स बॉर्न यांचे चिरंजीव, प्रकाश मोजायची सवय घरातूनच आली असावी असं मला उगाच वाटतं.) टूबी-थ्रीए झाकलेलं असेल तर एडीपी, कोलॅजन, अ‍ॅड्रेनालिन यांपैकी कशानेही रेघ चढत नाही, रिस्टोसेटिन या चाचणीतल्या रसायनाने मात्र चढते, कारण तो रस्ता वन-बीचा आहे. उलट वन-बीवर अँटिबॉडी असेल तर रिस्टोसेटिनचीच रेघ सपाट. फक्त कोलॅजनची सपाट असेल तर संशय जीपी सिक्सवर. तिथली अँटिबॉडी ते प्रथिन प्लेटलेटवरून अक्षरशः गळून पडायला लावते. शेवटी निर्णायक पायरी: पेशंटचा प्लाझ्मा निरोगी माणसाच्या प्लेटलेट्समध्ये मिसळायचा. त्यांचंही चिकटणं थांबलं तर दोष प्लाझ्मात आहे, म्हणजे अँटिबॉडीत. जन्मजात आजारात तसं होत नाही.

ही चाचणी करायची तर दोन पथ्यं. अ‍ॅस्पिरिन आणि तत्सम वेदनाशामकं आधी काही दिवस बंद हवीत (डॉक्टरांना विचारून; हृदयासाठी दिलेली अ‍ॅस्पिरिन मनाने बंद करू नका). आणि प्लेटलेट्स एक लाखाच्या खाली असतील तर रेघेचा अर्थ लावणं धोक्याचं. तेव्हा फ्लो सायटोमेट्री, म्हणजे एकेका पेशीवरची प्रथिनं लेसरने तपासणारी चाचणी, बरी.

तिसरा प्रकार अगदी उलटा. माणसाच्या प्लेटलेटवर अँटिबॉडीची शेपटी पकडणारं एक ग्राहक प्रथिन असतं, एफसी गॅमा आर-टूए. अँटिबॉडींचे गठ्ठे त्याला लागले की प्लेटलेट स्वतःच पेटते, जखम नसतानाही. उंदरांच्या प्लेटलेट्सवर हे प्रथिन नसतं, म्हणून साध्या उंदरांवरचे निष्कर्ष इथे जपून घ्यावे लागतात. ठळक उदाहरण हेपॅरिनचं. प्लेटलेटमधूनच सुटणारं पीएफ-फोर हे प्रथिन हेपॅरिनशी जुळतं, त्या जोडगोळीविरुद्ध अँटिबॉडी तयार होते आणि हेपॅरिन सुरू केल्यावर साधारण ५ ते १० दिवसांत प्लेटलेट्स निम्म्याहून खाली येतात. आकडा खाली जातो कारण प्लेटलेट्स गुठळ्यांत वापरल्या जात असतात. रक्त पातळ करायला दिलेल्या औषधानेच गुठळ्या! इथे प्लेटलेट्स कमी दिसल्या म्हणून रक्तस्राव नसताना प्लेटलेट्स चढवणं टाळतात, सगळं हेपॅरिन थांबवतात आणि दुसऱ्या जातीचं गुठळीविरोधी औषध देतात. २०२१ मध्ये अ‍ॅडिनोव्हायरसवर आधारलेल्या कोविड लशींनंतर अगदी थोड्या लोकांत जे दिसलं ते याच कुटुंबातलं होतं: पीएफ-फोरविरुद्धच अँटिबॉडी, पण हेपॅरिनशिवाय.

अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोमही याच बाजूचा. अँटिबॉडी रक्तातल्या बीटा-टू-ग्लायकोप्रोटीन-वन या प्रथिनावर बसते, हे जोडपं प्लेटलेट्स, रक्तवाहिनीचं अस्तर आणि पांढऱ्या पेशी या सगळ्यांनाच उद्युक्त करतं. शिरांत आणि धमन्यांत गुठळ्या, वारंवार गर्भपात. प्लेटलेट्स थोड्या कमी, तरी कल गुठळीकडे. यातल्या एका अँटिबॉडीला ‘ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट’ म्हणतात कारण नळीत ती गोठणं लांबवते. शरीरात करते नेमकं उलट. या नावाने किती गोंधळ घातलाय याची गणती नाही. निदानासाठी चाचणी किमान १२ आठवड्यांनी पुन्हा पॉझिटिव्ह यावी लागते, कारण साध्या संसर्गानंतरही ती तात्पुरती येते.

आणि शेवटचा, जो मला रात्री उठवतो: टीटीपी, थ्रॉम्बॉटिक थ्रॉम्बोसायटोपेनिक पर्प्युरा. फॉन विलेब्रांडचे धागे अस्तरातून बाहेर पडतात तेव्हा अतिलांब असतात आणि अ‍ॅडॅम्स-थर्टीन हे एन्झाइम त्यांना कात्रीसारखं कापतं. अँटिबॉडी या कात्रीला निकामी करते. न कापलेल्या धाग्यांवर प्लेटलेट्स मण्यांसारख्या ओवल्या जातात आणि मेंदू, हृदय, मूत्रपिंडाच्या बारीक वाहिन्यांत खरे पुंजके अडकतात. त्यांतून जाताना लाल पेशी चिरल्या जातात. एली मॉश्कोविट्झ यांनी १९२४ मध्ये एका १६ वर्षांच्या मुलीत हे पहिल्यांदा वर्णन केलं. कात्रीविरुद्धच्या अँटिबॉडीचा शोध लागायला १९९८ उजाडलं. उपचाराविना दहातले नऊ दगावतात, वेळेत प्लाझ्मा बदलला तर बहुतेक वाचतात. म्हणून प्लेटलेट्स कमी असलेल्या कुणाच्याही स्मिअरवर पुंजक्यांइतकंच मी लाल पेशींचे तुकडे शोधते. तुकडे, वाढलेलं एलडीएच (पेशी फुटल्यावर रक्तात वाढणारं एन्झाइम), त्यात गोंधळलेपण किंवा बोबडं बोलणं असेल तर अ‍ॅडॅम्स-थर्टीनच्या रिपोर्टची वाट बघायची नाही. नमुना काढून ठेवायचा आणि उपचार सुरू करायचे.

आता आईकडे परत. या आठवड्यात सायट्रेटच्या नळीत पुन्हा मोजणी आणि स्मिअर करून घ्या, आणि स्मिअरच्या कागदावर दोन गोष्टी स्पष्ट लिहून मागा: पुंजके आहेत का, लाल पेशींचे तुकडे आहेत का. सायट्रेटमध्ये दीड लाखाच्या वर आल्या आणि लाल पेशी धड असल्या तर प्लेटलेट्सचं प्रकरण संपलं. ‘प्लेटलेट अँटिबॉडी’ची महागडी चाचणी करू नका. ती आयटीपीतही कित्येकदा निगेटिव्ह येते आणि निरोगी माणसातही गोंधळ घालते. सायट्रेटमध्येही खरोखर कमी आल्या तर आयटीपी, औषधं, संसर्ग, यकृत असा शोध घ्यावा लागेल, अँटिफॉस्फोलिपिडच्या तिन्ही चाचण्या कराव्या लागतील, आणि तेव्हा एएनएचा टायटरही कामाला येईल. ३०,००० च्या वर आणि रक्तस्राव नाही अशा प्रौढ आयटीपीत बहुधा औषधच देत नाहीत, नुसती नजर ठेवतात. मधल्या काळात अचानक डोकेदुखी, बोलण्यात बदल, एका पायाला सूज, काळी शौच, अंगावर लाल टाचणीएवढे ठिपके यांपैकी काही दिसलं तर मात्र पुढच्या मोजणीसाठी थांबू नका.

आणि नळीतलीच भानगड निघाली तर तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: ‘ईडीटीएमध्ये प्लेटलेट्स चिकटतात, मोजणी सायट्रेटमध्ये करावी.’ ही अँटिबॉडी वर्षानुवर्षं टिकू शकते. उद्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली आणि जांभळ्या नळीत पुन्हा ४२,००० आले, तर त्या ओळीमुळे शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाणार नाही आणि नको असलेल्या प्लेटलेट्सही कुणी चढवणार नाही.